वरचा

"जाकीट काढ."

मालकाचा पुतण्या बोलला. माझ्याच वयाचा. मी काढलं. कोल्ड रूममध्ये जाताना घालायचं जाड निळं जाकीट. कंपनीचं होतं, ते खरं. पण सकाळी शर्टावर ग्रीस सांडलं म्हणून मी तो धुऊन मागच्या तारेवर वाळत घातला होता. जाकिटाच्या आत नुसता बनियन. समोर तीस-चाळीस बाया द्राक्षं पॅक करत बसलेल्या. सगळ्यांच्या कात्र्या थांबल्या.

त्यानं ते जाकीट दोन बोटांत धरलं आणि झाडूवाल्याकडे फेकलं. "धुऊन घे. मंग दुसऱ्याला द्यायचं."

मग बायांकडे बघून म्हणाला, "वरच्याला मशीनवर बसवलं की असंच व्हतं. डोंगरात फ्रिज तरी बघितला व्हता का यानं?"

कोणीतरी हसलं. कोण ते मला कळलं नाही. त्यातली एखादी बाई आजही बाजारात दिसली की मी तिच्या तोंडाकडे बघतो. ही होती का?

सगळीकडे वरचा म्हणजे मोठा. वरचा साहेब, वरची जागा. आमच्या जुन्नर-आंबेगावात वरचा म्हणजे पश्चिमेचा, डोंगरातला, भात-नाचणीवाला. खालचे म्हणजे बागायतवाले. धरणं आमच्या अंगाला, पाणी त्यांच्या अंगाला. आणि हा शब्द शिवी नाही. शिवी असती तर भांडता आलं असतं. नुसतं "वरचा हाय" म्हणायचं, ऐकणाऱ्याला पुढचं सगळं समजतं.

झालं होतं ते असं. पुतण्यानं दोन मित्र आणले आणि कोल्ड रूममध्ये रील काढली. तोंडातून वाफ निघते ना, ती दाखवायला. दार सताड उघडं. मी बाहेर पॅनलपाशी होतो. अलार्म वाजला, मी पळत गेलो, तर तो म्हणाला, "थांब रे, एक शॉट राहिलाय." दार लावेपर्यंत आतल्या मालाला घाम सुटला होता. थंड द्राक्षाला बाहेरची हवा लागली की मण्यांवर पाणी धरतं, आणि मग ती पेटी परदेशी जात नाही. मी रजिस्टरला लिहिलं, दार उघडं होतं, कोणी उघडलं तेही लिहिलं. मालकाला ते पान दाखवलं. मालकानं पान वाचलं, रजिस्टर मिटलं आणि म्हणाला, "पोरगं हाय ते, चुकलं असंल. पण ड्युटीला तू व्हतास ना? उद्यापासनं येऊ नको."

पंचवीस-सव्वीस वर्षांचं पोरगं!

मी ओला शर्ट अंगात घातला आणि चालत वारूळवाडीला खोलीवर आलो. बायकोला सगळं सांगितलं. बनियनचं नाही सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं सुटलात. दुसरीकडं काय कामं न्हाईत व्हय?" मलाही तसंच वाटत होतं. माझ्याकडे आयटीआयचं सर्टिफिकेट होतं, रेफ्रिजरेशनचं. आमच्या वाडीत पहिलंच. काम मिळालं नाही तर खोली सोडायची आणि वर जायचं, पावसावर भात करायचा, बाकीचे महिने कोणाच्या तरी मळ्यात मजुरीला यायचं. पोरगी नुकतीच इथल्या शाळेत रुळली होती. वर जायचं नाही, एवढंच मी धरून होतो.

नारायणगावात दोन ठिकाणी विचारलं. "बघू." एका ठिकाणी "सांगतो." मग जुन्नरला बाजारपेठेच्या गल्लीत एसी-फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार गोड बोलला. म्हणाला, "काम बघू तुझं आधी." एक बंद पडलेला डीप फ्रीझर पुढं केला. मी तो उघडला, गळती शोधली, जोड मारला, गॅस भरला, चालू करून दिला. तो म्हणाला, "हात चांगला हाय." आणि माझ्यासमोरच माझ्या जुन्या मालकाला फोन लावला. "तुमच्याकडं व्हता का हा?" मग नुसतं ऐकत राहिला. ऐकताना माझ्याकडे दोनदा बघितलं. एकदा तोंडाकडे, एकदा हत्यारांच्या पिशवीकडे.

"बरं बरं," म्हणून त्यानं फोन ठेवला. मला म्हणाला, "कळवतो."

फोनवर काय बोलणं झालं ते मला कधीच कळलं नाही. पण तेव्हापासून माझा कशावरच विश्वास राहिला नाही. कोणी चहा सांगितला तर वाटायचं, फोन झाला असणार. कोणी नाही सांगितला तरी तेच. शेजारचा एकजण रोज विचारायचा, "लागलं का कुठं?" मला वाटायचं, हा कोणाला जाऊन सांगतो? तो बिचारा काळजीनं विचारत असेलही. मी त्याला उत्तर देणं सोडून दिलं.

दुकानदारानं कळवलं नाही. फ्रीझर मात्र त्यानं विकला असणार.

मग येडगावच्या अंगाला एक नवीन प्रीकूलिंग, म्हणजे तोडलेला माल थंड करायचं शेड, झालंय असं कळलं. द्राक्षाचा हंगाम भरात, आणि त्यांचा ऑपरेटर सोडून गेलेला. गेलो. मालक पन्नाशीचे, सगळे त्यांना दादा म्हणायचे. मी सर्टिफिकेट पुढं केलं. त्यांनी ते घेतलं, पण बघितलं फक्त आडनाव.

"अरे, मंग आपल्यातलेच की राव! घर कुठं?"

आमचं आडनाव खालच्या बागायतदारांतही आहे आणि वर आमच्यातही आहे. का आहे ते म्हाताऱ्यांना विचारावं, प्रत्येकजण वेगळं सांगतो. अशी गफलत आमच्याच भागात होऊ शकते, आणि होते. एरवी समोरचा पुढचा प्रश्न विचारतो, मूळ गाव कुठलं. गाव कळलं की आडनावाचा उपयोग संपतो.

मी म्हणालो, "वारूळवाडी."

खोटं नव्हतं. खोली तिथंच होती.

"हां, तिकडं आपले लई हैत," दादा म्हणाले. खुर्ची दिली. घरातून कपबशीत चहा आला, पोहे आले. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, अजून घ्या की, लाजू नका." मी सांगितलं, आधीच्या ठिकाणाहून काढलंय मला. दादा हसले. म्हणाले, "त्ये लोक तसलेच. आपल्या माणसाची काय चौकशी करायची?"

त्यांनी फोन लावला नाही.

मी तोच होतो. सर्टिफिकेट तेच, हात तेच, पिशवीही तीच. आणि फोन लावला नाही. राग यायला हवा होता. मला गोड लागलं. हे लिहायला जड जातं, पण लागलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझं आडनाव वाचून मला आपल्यातला म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी स्वतःवर पहारा ठेवायला लागलो. आम्ही भाताची आवणी म्हणतो, हे लावणी म्हणतात. तो शब्द तोंडाशी आला की गिळायचा. आईचा फोन आला की शेडच्या मागं जाऊन घ्यायचा. आई म्हणाली, एसटीनं येते, तांदूळ आणते, नातीला बघते. मी सांगितलं, आत्ता नको, काम लई हाय. दादा एकदा सहज म्हणाले, "सासुरवाडी कुठली, पावणं?" मी म्हणालो, आंबेगावात. "म्हंजी घोडेगावकडं?" "हां, त्याच अंगाला." बायकोचं गाव घोडेगावच्या किती वर, ते दादांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. प्रत्येक खरं अर्धं तोडून द्यायचं. अर्धं दिल्यावर ते खोट्याहून वाईट असतं, हे मला तेव्हा कळत होतं आणि मी कळू देत नव्हतो.

बायकोला कळलं. ती म्हणाली, "त्यास्नी काय सांगितलंय तुमी?"

"काय न्हाई सांगितलं."

"त्येच तर," ती म्हणाली आणि पोरीची वेणी घालायला लागली.

माल वाढला तशा बाया कमी पडायला लागल्या. वरून जीपगाडीनं बारा-तेरा बाया यायला लागल्या, खराब मणी कात्रीनं काढायच्या कामाला. पहिल्याच सकाळी त्यांच्यातली एक म्हातारी थेट माझ्यापाशी आली. आमच्या शेजारच्या वाडीतली मावशी. आवणीच्या दिवसांत आई चिखलात असायची तेव्हा मी हिच्या चुलीपाशी जेवलेलो.

"तू पारूचा ना रं?"

पारू माझी आई. दादा चार पावलांवर उभे होते, कागद बघत.

मी म्हणालो, "न्हाई मावशी. तुमी चुकताय."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग दादांकडे. मग परत माझ्याकडे. आणि म्हणाली, "चुकली असंन बाबा. डोळ्याला नीट दिसत न्हाई आता."

दिवसभर ती मण्यांचे बारीक डाग वेचून काढत होती. एकही सुटत नव्हता.

मी पॅनलसमोर उभा होतो आणि मला आकडे दिसत नव्हते. पुतण्यानं माझं जाकीट काढलं तेव्हा मला लाज वाटली होती. पण ती लाज त्यानं माझ्या अंगावर घातली होती. ही मी माझ्या हातानं घातली, आणि वर त्या म्हातारीनं मला झाकून घेतलं. तिनं समजून घेतलं म्हणून मला जास्त चीड आली. कोणाची, ते ठरेना.

संध्याकाळी सुटायच्या वेळेला दादा आले. "दोन कात्र्या कमी भरतात. वरच्यांच्या पिशव्या बघून घ्या जरा जाताना. आपल्या बायांच्या नको, त्या वळखीच्या हैत." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आपला माणूस दारात असला म्हंजी काळजी नाय."

मी दारात उभा राहिलो. हो, राहिलो. दोन बायांच्या पिशव्या बघितल्याही. त्या खाली बघत होत्या, मी पिशवीत बघत होतो. खालच्या बाया बाजूनं गप्पा मारत निघून गेल्या, पिशव्या हलवत.

तिसरी आली ती मावशी. मी काही म्हणायच्या आत तिनं आपली नायलॉनची पिशवी माझ्या रजिस्टरच्या टेबलावर पालथी केली. रिकामा डबा, एक फडकं, कागदात गुंडाळलेली अर्धी नाचणीची भाकरी. भाकरी खाली पडली. तिनं वाकून उचलली, झटकली.

"बघ बाबा नीट," ती म्हणाली. "मंग गाडी जाती."

माझ्या तोंडून निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं.

"दादा, मी पारूचाच हाय. ही चुकली न्हाई. मी वरचाच."

मी माझी पिशवी आणली आणि तिच्या डब्याशेजारी पालथी केली. पाना, टेस्टर, डबा, पोरीसाठी घेतलेला खोडरबर. "बघायच्या तर आधी ही बघा. मंग त्या गेल्या त्यांच्या बघा. न्हाईतर कुणाच्याच न्हाई. मी आता एकबी पिशवी उघडणार न्हाई."

दादांचा चेहरा हळूहळू बदलला. रागावले नाहीत. राग असता तर बरं झालं असतं. ते माझ्याकडे दुकानदारासारखं बघायला लागले. एकदा तोंडाकडे, एकदा हाताकडे.

"मंग आधी का नाय बोलला? फसवलं तू मला."

एका वाक्यात तुम्हीचा तू झाला.

"तुमी आडनाव विचारलं, मी सांगितलं," मी म्हणालो. "बाकीचं तुमी धरलं. आन् मी धरू दिलं. त्येवढं चुकलं माझं."

मावशी सामान भरत होती. मला वाटलं, आता तरी माझ्याकडे बघेल. खरं तर मला तेच हवं होतं. तिनं भाकरी पिशवीत टाकली आणि जाता जाता म्हणाली, "सकाळी बोलायचं व्हतं."

बस्स. जीपगाडीत बसून गेली.

मला काढलं नाही. दुसऱ्या दिवशी कंटेनर भरायचा होता आणि मशीन चालवणारा मी एकटाच. माणुसकी म्हणून ठेवलं असं मला कोणी सांगू नये. सकाळी दादा आंब्याखाली उभं राहून फोनवर बोलत होते. बोलताना माझ्याकडे बघत होते. म्हणजे चौकशी आता सुरू झाली. खुर्ची उचलली गेली. चहा पॅनलपाशी येतो, कागदी कपात. वहिनी दिसल्या की आत वळतात. कात्र्या सापडल्या की नाही, मला कोणी सांगितलेलं नाही.

पिशव्या बघणं बंद झालं म्हणतात. मी म्हणण्यावर जात नाही. रोज सुटायच्या वेळेला दारात जाऊन उभा राहतो, वरची शेवटची बाई गाडीत बसेपर्यंत. मावशी माझ्यासमोरून जाते. बोलत नाही. मी माफी मागितलेली नाही. मागून मिळण्यासारखी ती गोष्ट नाही, आणि मिळाली तर मी परत निवांत होईन.

आईला सांगितलंय, पुढच्या आठवड्यात ये, आणि खोलीवर नको, थेट शेडवर ये.

हंगाम संपला की मला काढतील. कारण काहीतरी वेगळंच सांगतील. काढू देत. पुन्हा दारोदार फिरेन, पुन्हा कोणाचा तरी फ्रीझर फुकट दुरुस्त करून देणार नाही, आणि पुन्हा कोणीतरी आडनाव वाचून खूश होईल, खुर्ची पुढं करेल, विचारेल, आपल्यातले का?

तेव्हा मी उभ्यानंच सांगणार आहे. नाही.