वास्तूला ऐकू जाऊ नये म्हणून

घरात अभद्र बोलू नये, वास्तू 'तथास्तु' म्हणते, एवढं एक शिकवून आई गेली. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. पण घरात मरणाचा विषय निघाला की मी तो तिथंच तोडायचे.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, घशातली गाठ साधी नाही, असं आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मला अंगणात हळूच सांगितलं. मी हात जोडले, "त्यांना कळू देऊ नका." कडेगावहून स्कूटरवर येणारा तो भला माणूस कबूल झाला. तेव्हापासून आम्ही दोघं आबांना घसा धरलाय म्हणून सांगत होतो. पलटणीत उमर काढलेल्या माणसाला! ते काही बोलू लागले की मी मुद्दाम भांडी आपटायचे.

एका संध्याकाळी डॉक्टर आले तसे आबा काठी टेकत उठले. "ही घरात बोलू देत न्हाई. चला भाईर." आम्हा दोघांना त्यांनी उसाच्या बांधावर नेलं.

"हितं वास्तू न्हाई, आता ऐका. मला मिरजंला न्यायाचं न्हाई. नाकात नळ्या नगंत. माझ्या खाटंवर जाऊ द्या."

"बरं, आबा," डॉक्टर म्हणाले.

"आन् तू गं?"

"व्हय," मी म्हणाले. विषय मिटावा म्हणून म्हणाले.

महिन्याभरात पाणीही उतरेनासं झालं. डॉक्टरांनी मला बांधावरच्या बोलण्याची आठवण करून दिली. पण भावकी जमली होती. ओसरीवर कुणीतरी म्हणालं, "मास्तरीण झाली, आन् बापाला दवाखाना दावला न्हाई." मी भ्याले. लोकांना भ्याले, आणि आबा माझ्या डोळ्यांदेखत जातील याला त्याहून भ्याले. जीप मागवली.

मिरजेत त्यांनी नाकातली नळी दोनदा उपसून काढली. तिसऱ्यांदा नर्स म्हणाली, "हात बांधायला लागतील. जरा धरा." मी धरले. त्यांनी ओढाताण केली नाही. माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, एवढंच.

पुढे नऊ दिवस ते होते. मी खाटेच्या ज्या बाजूला जाऊन बसायचे, त्याच्या उलट बाजूला ते मान वळवायचे.