भिंगरीमावशीचा शनिवार

भिंगरीमावशीला बसलेलं पाहिलंय, असं सांगणारं माणूस आमच्या ख्रिस्ती वाडीत सापडलं नसतं. जेवायची तीही दारात उभ्याने, ताटली हातात घेऊन. उपासनेला शेवटच्या बाकामागे उभी. पाळकसाहेबांचा उपदेश लांबला, की खिडक्यांच्या कड्या तपासून यायची. "टेक की जरा," असं कुणी म्हटलं तर म्हणे, "बसले की विचार येऊन मांडीवर बसतात गो. मग त्यांना उठवणार कोण?"

मिशनच्या दवाखान्यात ती फरशी पुसायची, बाटल्या उकळायची आणि काम आटपलं की तडक मांडवीच्या बंदरावर. नवरा मुंबईत वारला, तिथेच पुरला. एकुलता एक योना परदेशी जाणाऱ्या आगबोटीवर भट्टीत कोळसा मारायला लागला होता. ती बोट दूर कुठेशी बुडाली एवढंच रत्नागिरीला कळलं. कोण वाचलं, कोण नाही, ते कळलं नाही. किनाऱ्याला लागणाऱ्या पडावातून उतरणाऱ्या प्रत्येक उतारूच्या तोंडाकडे मावशी बघत राही. "पोराचं नाव योना ठेवलंस आणि समुद्रावर धाडलंस!" शेजारची सालूआत्या टोचायची. मावशी मागे हटायची नाही. "मग? बायबलातल्या योनाला माशाने गिळलं, पण तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावर ओकलंच की!"

मंडळी तिच्या मागे लागली होती, योनासाठी एकदा शेवटची प्रार्थना करून टाकू. मावशी ऐकेना. "मेला म्हणून कोण सांगतं? आणि जिवंत म्हणून तरी कोण?"

उत्तम शुक्रवार आणि ईस्टरच्या मधला शनिवार आला, की तिची भिंगरी अनावर व्हायची. त्या दिवशी ना उपासना, ना घंटा. तिने पाळकसाहेबांना एकदा विचारलंच, "शुक्रवारी रडायचं, रविवारी गायचं. शनिवारी काय करायचं ते सांगा."

"वाट पाहायची, बाई."

"ती तर मी रोजच बघत्ये. म्हणजे माझे सगळे वार शनिवारच म्हणा की!"

पाळकसाहेबांनी चष्मा पुसायला काढला.

ईस्टरला आम्ही उजाडता उजाडता कबरस्तानात जायचो. ज्याने त्याने आपापल्या माणसाच्या कबरीवर मेणबत्ती लावायची, सुरंगीची वेणी ठेवायची. मावशीला उभं राहायला कबरच नव्हती. ती कुंपणाच्या गडग्याशी पाय बदलत राहायची, नाहीतर वाऱ्याने विझलेल्या दुसऱ्यांच्या मेणबत्त्या पेटवत फिरायची.

हे मला बघवेना. मी तेव्हा अकरा वर्षांची. बायबलच्या परीक्षेत पहिली आल्यापासून स्वतःला तेरावी प्रेषित समजत होते. वेण्यासुद्धा मान ताठ करून घालून घ्यायचे. त्या शनिवारी भर दुपारी, सगळी निजलेली असताना, मी पडक्या गडग्याचे जांभ्याचे दगड परकराच्या ओच्यातून वाहिले, कबरस्तानातल्या काजूखाली छान लांबोळकी कबर रचली आणि एका कौलावर कोळशाने लिहिलं, 'योना'. मावशी मला पोटाशी धरणार, सालूआत्या डोळे पुसणार, पाळकसाहेब उपदेशात माझं नाव घेणार, अशी सगळी जुळवाजुळव डोक्यात झाली होती. परकर फाटला होता, तेवढा हिशोबात नव्हता.

पहाटे "प्रभू उठला आहे!" "खरोखर उठला आहे!" झालं आणि मी मावशीला पदराला धरून ओढतच नेलं.

सालूआत्याने कौल वाचलं. "अगो कार्टे! जित्या माणसाची कबर बांधलीस?"

आईने दंडाला जो चिमटा काढला, त्यासरशी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जे म्हणायला अख्खी मंडळी तिला विनवत होती, ते मी कोळशाने लिहून मोकळी झाले होते.

मावशीचे पाय थांबले. ती माझ्याकडे वळली.

"आत कोण आहे गो?"

"कोणी नाही, मावशी. रिकामीच आहे."

"नक्की?"

"नक्की. मीच तर रचली."

मग सालूआत्याच्या हातातली मेणबत्ती घेऊन तिने कौलाशी लावली. "आजच्या दिवशी बायका बघायला गेल्या, ती प्रभूची कबर कशी होती? रिकामीच ना?" असं म्हणाली आणि सगळ्या मंडळीसमोर खाली मातीत बसली. पाय पसरून बसली.

योना आला नाही. मेल्याची खबरही आली नाही. मावशी बंदरावर जात राहिली, उभ्याने जेवत राहिली. मात्र दर वर्षी त्या मधल्या शनिवारी काजूखाली येऊन बसायची. देवाघरी जाताना मला सांगून गेली, "मला शेजारी ठेवा. ती भरू नका."

आता आमच्याकडे शनिवारी अंडी रंगवतात, केकची घाई असते. मीही घरभर फिरत असते; सून म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी आहे. "आजी, आज काय करायचं असतं?" पोरं विचारतात. मी त्यांना कबरस्तानात दगड वेचायला नेते. दर पावसाळ्यात कबर थोडी ढासळते, ती पुन्हा रचायची. धाकटी दर वेळी वाकून, फटीतून डोकावून विचारते, "आत नक्की कोणी नाही ना?"

"नक्की," मी म्हणते, आणि खाली बसते.