दरोड्याचे पिक्चर बघणारा गार्ड

गेवराईतल्या पतसंस्थेच्या दारात हा गार्ड दुनाळी बंदूक मांडीवर ठेवून दिवसभर मोबाइलवर बँकलुटीचे पिक्चर बघायचा. मी स्वतः छापलेली बातमीपत्रकं वाटत तिथून निघालो की हाक ठरलेली. "भाऊ, बघा, गाडी चालू ठेवली न्हाई यानं. गेला हा कामातून!" चोर कुठं चुकला, हे त्याला पिक्चरमधल्या पोलिसांच्या आधी कळायचं. मला त्याचं कौतुक वाटायचं.

परवा चेअरमननं संस्थेचे कॉम्प्युटर आणि सगळं दप्तर मागच्या दारानं गाडीत घालून नेलं. "दार मीच उघडलं, सलाम बी ठोकला," हे यानंच मला ऐटीत सांगितलं. काल संस्थेला कुलूप लागलं. ऊसतोडीच्या कमाईची ठेव मागायला बाया आल्या, उन्हामुळं तोंडाला रुमाल बांधून. सोबत मीही होतो; गाडीचं मीच त्यांना सांगितलं होतं. यानं सरळ बंदूक रोखली. "तोंडं सोडा आधी!"

पुढच्या बाईनं रुमाल सोडला. "मामा, आमची तोंडं बघा निवांत. पण गाडीत कुणी काय भरलं, ते ठाण्यात येऊन सांगा. दुसरं कुणी बघितलं न्हाई."

"मी बी काय बघितलं न्हाई."

"मामा, लाज वाटू द्या!" मी ओरडलो.

बंदूक खाली घेत तो पुटपुटला, "भाऊ, हिचं लायसन चेअरमनसाहेबांनीच काढून दिलंय."

उद्याच्या पत्रकात गाडी, दार, सलाम, सगळं छापतोय. तो घाबरलाय म्हणून त्याचं नाव तेवढं गाळलंय. माफ केलेलं नाही.