लॅपटॉपचं कव्हर

शेवटचं आम्ही दोघांनी काय केलं, तर लॅपटॉपवर अक्षरं दाबली. बायको पलंगावर पडून कागद वाचत होती, मी बोटाने शोधून दाबत होतो.

"एस. यू. डी. ओ. आता मोठी पट्टी. अहो, बोट उचला की. एक ओ सांगितला, तुम्ही चार उमटवलेत."

"मग तूच दाब."

"उठता आलं असतं तर तुम्हाला कोण विचारत होतं?"

ती सातवी शिकलेली, इंग्रजी अक्षरं ओळखायची. मी दुसरीतून सुटलो. गोडदेवच्या गाळ्यात स्टीलची भांडी पॉलिश करण्यात जन्म गेला.

लेक दुबईला. सुट्टीवर आली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप देऊन गेली. त्यात विंडोज नाही, लिनक्स. फुकट असतं, व्हायरस लागत नाही म्हणाली. नेटची वायर खोचायची जागा तुटलेली, म्हणून हॉलमध्ये वायरलेसचा डबा बसवला. ती होती तोवर नेट झकास चाललं. ती गेल्यावर बायकोने जुन्या साडीचं घट्ट कव्हर शिवलं. मिक्सरला होतं, टीव्हीला होतं, ह्याला का नको? तिचं शेवटचं शिवणकाम तेच. मग तिने अंथरूण धरलं आणि डॉक्टरने हात टेकले.

तिकडे लेकीला मुलगी झाली. बाळंतीण बाई येणार कशी? बायकोला नातीचं तोंड एकदा बघायचं होतं, बाकी काही मागणं नव्हतं. म्हणून लॅपटॉप उघडला, तर नेट लागेना.

आमचा फोन साधा, बटणांचा. लेक त्यावर एकेक अक्षर सांगायची, बायको कागदावर उतरवायची. सगळं दाबून झालं की काळ्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ यायची. दर वेळी तीच.

"बाबा, काय लिहिलंय? आईकडून वाचून घ्या ना."

"इंग्रजी लिहिलंय. तू पुढचं सांग."

माझा स्वभावच तसा. दोन मिनिटं पडदा तिच्यापुढे धरला असता तर काय बिघडलं असतं?

त्या संध्याकाळीही तीच ओळ आली. बायको म्हणाली, "राहू दे, उद्या बघू. कव्हर घाला, धूळ बसते."

घातलं. पहाटे ती गेली. दुपारी तिला पोचवून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण चहा घेऊन आली. "भाईसाब, भाभी के कपडे कल धो दिये. वो कंप्यूटर का कव्हर भी."

लॅपटॉप उघडाच पडला होता. बसून काय करणार, म्हणून चालू केला आणि फडक्याने पुसायला लागलो. पुढच्या कडेला बोटाला काहीतरी लागलं. भांड्याची धार डोळ्याआधी बोटाला कळते, तसंच. नखाएवढा खटका होता. सरकवला. निळा दिवा लागला आणि नेट आलं.

दोरीवरून कव्हर आणलं. शिवणीला अजून ओलं होतं. हळूच चढवलं तर काठाने खटका मागे ओढला, टक्. दिवा गेला. काढलं, खटका सरकवला, परत चढवलं. परत टक्. ती ओळ ह्याच खटक्याचं सांगत होती की काय, ते आता कुणाला विचारायचं नाही.

फोन वाजला. लेक रडत होती. शेवटी म्हणाली, "बाबा, नेट लागलं का हो?"

"नाही," मी म्हटलं. "मशीनच मोडलंय. तू नको त्याचा विचार करू."

कव्हर तसंच राहू दिलं.