वन्संची कात्री आणि दांडा फिरवायचं मशीन

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. त्यांचे यजमान गेल्यावर त्या आमच्याकडे तंजावरला राहायला आल्या, त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या दोघींचं काम वाटलेलं आहे. त्यांनी कापायचं, मी शिवायचं. लोक घरातल्या जुन्या साड्या, वेष्ट्या म्हणजे धोतरं आणून देतात आणि आम्ही त्यांच्या गोधड्या करून देतो. वन्संची कात्री म्हणजे काय सांगू, पट्टी नाही, खडू नाही, नुसत्या नजरेनं कापायच्या आणि शंभर चौकोन एकावर एक ठेवले तर वडीसारखे बसायचे.

तर गेल्या वर्षापासून त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळी दिली, म्हणाले वयाचं आहे, घाबरू नका. आम्ही घाबरलो नाही, पण चौकोन घाबरले! एक बाजू लांब, एक आखूड, शिवायला घेतले की कोपऱ्याला कोपरा भेटेना. आता हे त्यांना सांगायचं कुणी? मला तर जमलं नाही. मी काय करायचे, दुपारी जेवून त्या बाहेर तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, आडव्या झाल्या की आत बसून त्यांचे तुकडे गुपचूप छाटून सरळ करायचे. पण छाटलं की तुकडा लहान, आणि तुकडा लहान की गोधडी लहान. एकीनं गोधडी उलगडून विचारलंसुद्धा, "मामी, ही मोठ्या माणसाचीच ना?" मी म्हटलं, "हल्ली माणसंच बारीक झालीत." ती हसली, पण मी घाईनं गोधडीची घडी घातली.

त्यातच ओरत्तनाडूहून एक बाई आल्या. त्यांची आई नुकतीच गेलेली, भावंडं तिघं, आणि आईच्या नेसण्यातली सुती साडी एकच उरलेली. तिघांना तीन गोधड्या हव्यात आणि तिन्हींत आईच्या साडीचे तुकडे हवेत. जाताना साडीवरून हात फिरवत म्हणाल्या, "जपून कापा हं. दुसरी नाही."

मी ती साडी फडताळात वर ठेवली आणि वन्संना सांगितलं, त्यांना घाई नाही. घाई होती. मला धीर नव्हता.

माझी लेक पापनाशमला शाळेत शिकवते, रविवारी येते. एका रविवारी तिनं मला छाटताना पकडलं. सगळं ऐकून घेतलं, आणि पुढच्या रविवारी एक जड खोकं घेऊनच दारात हजर! कापड कापायचं मशीन. आवडलं नाही तर दहा दिवसांत परत करता येतं म्हणाली. किंमत मी वन्संना सांगितली नाही, इथेही सांगत नाही.

मशीन दिसायला अगदी उसाच्या रसाच्या चरकासारखं. दोन रूळ, बाजूला दांडा. एक जाड पाटी असते, तिच्यात चौकोनाच्या नाहीतर त्रिकोणाच्या आकाराचं धारदार पातं बसवलेलं असतं. पातं स्पंजात लपलेलं, म्हणून बोट कापत नाही. पाटीवर कापडाच्या घड्या ठेवायच्या, वरून प्लास्टिकचा तक्ता ठेवायचा आणि दांडा फिरवायचा. पाटी या बाजूनं आत जाते, त्या बाजूनं बाहेर येते, कापड कापलेलं.

वन्सं दारात उभ्या राहून बघत होत्या.

"रस कधी निघणार यातून?"

"रस नाही हो वन्सं, तुकडे निघतात."

"तुकडे तर मीही काढते. मला वीज लागत नाही."

"यालाही लागत नाही, आत्या," लेक म्हणाली. "हातानंच फिरवायचं."

"मग हातानंच करायचं तर माझ्या हाताला काय झालंय?"

लेक दांड्याकडे बघायला लागली, मी छताकडे. वन्संनी आपली कात्री पिशवीत घातली, पिशवी खुंटीला अडकवली आणि म्हणाल्या, "बरं झालं. मी आता तिण्णैवर बसून येणारे जाणारे बघते." आणि खरंच जाऊन बसल्या.

मला ते फार लागलं. पण खोटं का बोलू, नवीन पॉपलिनच्या सहा घड्या घालून मी दांडा फिरवला आणि एका फेरीत त्रिकोणांची अशी चवड निघाली की मी एकटीच टाळ्या वाजवल्या. मग जुनी वेष्टी घातली. ती निघाली कुरतडल्यासारखी. कडेला धागे लोंबताहेत, मधेच कापलंच नाही, आणि चौकोन एका बाजूनं ताणून लांबडे झालेले. दोन घड्या करून पाहिल्या, एक करून पाहिली, तेच. आमच्याकडे तर येतं ते सगळं जुनंच. तिसऱ्या दिवशी मी मशीन खोक्यात भरलं आणि लेकीला फोन केला, "परत पाठव बाई. याला नवंच कापड चावता येतं."

मनातून मला हलकं वाटलं. आणि मग फडताळातली साडी आठवली.

बाहेरून आवाज आला, "काय गो, दात पडले का त्याचे?"

वन्सं उठून आत आल्या. टाकलेला चौकोन उचलला, डोळे मिटून दोन बोटांत चोळला, इकडे ओढला, तिकडे ओढला. "उभा धागा आडवा घातलायस. रूळ ओढणार त्याच दिशेला उभा धागा नको? नाहीतर ताणणारच ते. आणि हे कापड धुऊन धुऊन सायीसारखं झालंय. त्याला कंजी कोण घालणार, मी?"

कंजी! भाताची पेज! आख्ख्या जन्मात रोज भात शिजवला आणि माझ्या डोक्यात आलं नाही. मी लगेच पातेलं भरून कंजी केली आणि हौसेनं अशी दाट केली की गच्चीवर वाळलेली वेष्टी अप्पळम-पापडासारखी कडक झाली. उचलली तर आपली आपण उभी राहिली. कावळे येऊन टोचायला लागले. वन्सं पोट धरून हसल्या. कितीतरी दिवसांनी.

दुसऱ्या वेळी कंजी त्यांनीच केली, पातळ, पाण्यासारखी. कापड ओलसर असतानाच इस्त्री करायला लावली. उभा धागा बघून घड्या त्यांनीच लावल्या, मशीन पुन्हा खोक्यातून काढायला लावलं आणि मला बाजूला सारून दांडा धरला. हात थरथरत होता, पण मुठीत दांडा घट्ट, दांडा आपल्या वाटेनंच फिरतो. पाटी बाहेर आली. मी कोपऱ्यावर कोपरा ठेवून बघितला. वडी!

वन्संनी चौकोन पुन्हा पुन्हा मोजून पाहिले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "आता दुपारी तूही जरा आडवी होत जा."

मला एकदम कळलं नाही.

"वर्षभर माझे तुकडे छाटतेस. चिंध्यांची पिशवी पूर्वी दिवाळी ते दिवाळी पुरायची, आता दोन महिन्यांत फुगते. मला काय दिसत नाही?"

"मग बोलला का नाहीत, वन्सं?"

"तू बोललीस का?"

मी चिंध्यांची पिशवी पायानं मागे सारली. मग त्याच म्हणाल्या, "काढ ती ओरत्तनाडूची साडी."

घाई आहे हे तुम्हाला कसं कळलं, असं मी विचारलंच नाही. साडीला पातळ कंजी केली, वाळवली, आणि दुसऱ्या दिवशी सबंध सकाळ वन्सं ती साडी पसरून नुसत्या बघत होत्या. कुठे विरलंय, कुठे रफू आहे, कुठला भाग तिन्ही गोधड्यांत सारखा जाईल. मशीनला हे कळत नाही. पदराजवळ हळदीचा एक लांबलचक डाग होता, तो टाळू म्हटलं तर मला गप्प केलं. "तो गोधडीच्या मधोमध येऊ दे. तिघांनाही तोच हवा असेल." तीन चौकोन झाले त्या डागाचे. काठ त्यांनी मशीनला दिलाच नाही, धाग्याच्या बाजूनं हातानं फाडला, टर्र करून, अगदी सरळ.

गोधड्या शिवून, कंजी जाईतो धुऊन (नाहीतर मुंग्या पहिल्या निजायच्या त्यावर) मग दिल्या. ओरत्तनाडूच्या बाईंनी डाग बघितला आणि तिथेच बसल्या. बराच वेळ हात फिरवत होत्या.

आता ओळखीच्या बायका विचारतात, मशीन घ्यावं का? मी सांगते, नुसते चार चौकोन कापायला मशीन घेऊ नका, हातानं फाडा, सरळ फाटतात. त्रिकोण भरपूर लागत असतील, हात दुखत असेल, तर घ्या. जुन्या कापडाला कंजी हवी. जरीचं काही घालू नका, पात्याची धार जाते. आणि धागा ओळखणारं कुणीतरी घरात हवं, ते खोक्यात येत नाही.

पण मी पुढेच पळाले. दहाव्या दिवशी, साडी अजून अर्धीच कापलेली असताना, लेकीचा फोन आला होता. "अम्मा, आज शेवटचा दिवस. परत पाठवायचं ना?"

मी उत्तर द्यायच्या आधी वन्संनी आतून दांडा फिरवता फिरवता ओरडून सांगितलं, "खोकं फाडलं म्हणून सांग तिला! त्यात मी तुकडे लावून ठेवलेत."

बघायला गेले तर खरंच, खोक्याचे उभे कप्पे केलेले, एकात चौकोन, एकात त्रिकोण. आणि एका कप्प्यात त्यांची कात्री.