बाने कोळसा ढाब्यावर दिला

टोकावड्याच्या पोरांनो, मगाशी घरी फोन केला, तेव्हापासून डोकं जाग्यावर नाय. म्हणून सायबर कॅफेत येऊन लिहितोय.

मी इकडं पानिपतला लोकरीच्या कारखान्यात आहे. टाकाऊ लोकर नि लाकडाचे तुकडे आमी लोखंडी पिंपात भरून झाकण लावून भाजतो. हवा लागली नाय की राख होत नाय, कोळसा होतो. तो कुटून, शेणात मुरवून शेठ बागेत घालतो. माती ओल धरते.

म्हटलं, हे बाला जमेल. त्याचा जन्म ठेकेदाराच्या कोळसाभट्टीवर गेला. उन्हाळ्यात त्याला सांगितलं, यंदा भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर फांद्या जाळून राब भाजू नको, त्याच फांद्यांचा कोळसा करून शेतात घाल. जमीन सुधारली तर तुला नि आईला भट्टीवर जायला नको.

आज विचारलं, "बा, कोळसा मातीत घातलास ना?"

बा हसायलाच लागला. "येडा का रे तू? असा खणखणीत कोळसा पडला, तो काय पुरायचा? ढाबेवाल्याला दिला."

"आन् भात?"

"रोपंच पिवळी पडली. राब भाजू नको म्हणालास, नाय भाजला. आमी उद्या चाललो भट्टीवर."

लोकरीचा कोळसा असता तर ढाबेवाल्यानं घेतला नसता. जळताना केसांसारखा घाण वास मारतो. पण आपल्याकडं एवढी लोकर कुठली?

आता सुट्टी काढून गावी आलो तरी घराला कडीच असणार. मी शिकलेलं हे सांगू तरी कोणाला, तुमीच बोला.