कप्तानबाईंचं बुकिंग

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी चोवीस वर्षं लोकांना जहाजात बसवलं आणि स्वतः कधी होडीतसुद्धा पाय ठेवला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! गल्लीत सगळे त्यांना कप्तानबाई म्हणत. त्या वरवर रागवायच्या, पण कोणी नुसतं बाई म्हटलं तर चेहरा पडायचा.

जिन्याखाली त्यांची बुकिंगची खोली, शेजारी माझं शिवणकामाचं दुकान, आणि दोघींच्या मध्ये प्लायवूडची भिंत. चेन बदलणं, पँटची उंची कमी करणं, फाटलेलं सांधणं हे माझं काम. हात गुंतलेले, कान मोकळे. त्यामुळे जहाज न बघताही मला त्यातलं इतकं कळायला लागलं होतं की मी एकदा झोपेत नवऱ्याला लाइफ जॅकेट घालायला सांगितलं.

गिऱ्हाईक आलं की कप्तानबाई आधी पासपोर्ट मागायच्या. "परत आल्यावर पुढे सहा महिने मुदत उरतेय का? नाही? मग आधी नवा करून आणा, तोवर माझ्याकडे चहासुद्धा मिळणार नाही." मग भिंतीवरच्या जहाजाच्या नकाशावर बोट. "ही खोली स्वस्त का आहे, माहितीये? हिच्या डोक्यावर पोहायचा तलाव. भल्या पहाटे तिथे खुर्च्या ओढतात. ही घ्या, मधली, खालच्या मजल्यावरची. जहाज टोकांना जास्त हलतं, मध्ये कमी. खिडकी नाही म्हणून काय रडताय? खिडकीने ओकारी थांबत नाही."

आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा बोलावून उजळणी. "मोठी बॅग बंदरावर एकदा हमालाकडे दिली की संध्याकाळपर्यंत ती तुमची नाही. पासपोर्ट, औषधं, चष्मा, एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत. एका गृहस्थांनी पासपोर्ट मोठ्या बॅगेत घातला होता. बॅग जगप्रवास करून आली, गृहस्थ बंदरावरून घरी." ही गोष्ट त्या दर वेळी सांगायच्या आणि दर वेळी गृहस्थांचं वय वाढायचं.

पण त्यांचं खरं कसब वेगळंच होतं. जहाजावर एकट्या माणसालाही खोलीचे जवळजवळ दोघांचे पैसे पडतात. म्हणून एकटं माणूस यायचं, भाव ऐकायचं आणि उठायचं. कप्तानबाई म्हणायच्या, "बसा. जोडी लावून देते." तिथून चौकशी सुरू. घोरता का? उठता किती वाजता? दिवा लागतो की अंधार? सकाळी बोलता की चहा होईपर्यंत गप्प? सगळं एका कार्डावर लिहायचं, कार्ड बुटाच्या खोक्यात ठेवायचं. मग कधीतरी दुसरं कार्ड जुळलं की दोघींना, किंवा दोघांना, समोरासमोर बसवायचं. लग्नं जुळवणाऱ्यांना जे जमत नाही ते ह्या बाईला जमायचं. त्यांनी जुळवलेल्या दोन निवृत्त परिचारिका अजून दर वर्षी एकत्र जातात आणि वर्षभर भांडतात.

"घोरता का?" हा पहिला प्रश्न. तोही असा विचारायच्या की समोरचा खोटं बोलूच शकायचा नाही. मला वाटायचं, धंद्याची हुशारी.

ह्या वर्षी त्यांनी दुकान बंद करायचं ठरवलं. लोक आता फोनवरच बुकिंग करतात आणि तलावाखालच्या खोल्या घेतात. भोगा म्हणावं! आवरायला मी गेले. खोकं हातात आलं आणि मी कार्डं वाचत बसले. कोणाचं खासगी वाचू नये, मान्य. पण 'घोरणे: नाही. बोलणे: थांबत नाही.' असं दिसल्यावर कोण थांबेल? हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. आणि तळाशी एक कार्ड निघालं, कडा पिवळ्या पडलेलं, त्यावर कप्तानबाईंचं स्वतःचं नाव. तारीख मोठे भाऊजी गेले त्याच्या पुढच्या वर्षीची.

उठणे: पाच. दिवा: कसाही चालेल. घोरणे: फार. जोडी: नको.

बाकीची कार्डं खोक्यात गेली, हे माझ्या हातात राहिलं.

आता माझी करणी सांगते. मोठे भाऊजी होते तेव्हा घरात चार माणसं जमली की त्यांची एक गोष्ट ठरलेली. "आमच्याकडे रात्रभर लाकडं चिरतात, सकाळी बघावं तर बायको!" सगळे हसायचे. मग कोणीतरी म्हणायचं, "धाकटे, करून दाखव." आणि मी करून दाखवायचे. मान मागे, तोंड उघडं, आधी करवत, मग खोकला, शेवटी बारीक शिट्टी. तीस वर्षं! माझ्या हातची शिवण कोणी एवढी वाखाणली नसेल. कप्तानबाईसुद्धा हसायच्या, तोंडावर हात ठेवून. पण पाहुणे मुक्कामाला आले की त्या स्वयंपाकघरात दार लावून झोपायच्या, आणि कोणाच्या घरी मुक्काम करायची वेळ आली की त्यांचा गुडघा दुखायचा. मी एवढी बघणारी बाई, टाचणी पडली तर मला दिसते, आणि हे दिसलं नाही.

त्यात जहाजाची कंपनी गेली आठ-दहा वर्षं त्यांना दर दोन वर्षांनी दोघांची एक खोली फुकट द्यायची, एजंट म्हणून. स्वतः वापरायची, दुसऱ्याला द्यायची नाही, अशी अट. चार खोल्या वाया गेल्या. एकदा गुडघा, एकदा घराला रंग, एकदा सीझन, एकदा काहीच नाही. पाचवी समोर पडली होती, आणि दुकान बंद म्हणजे ही शेवटची.

मी कार्ड घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. "हे काय?"

त्यांनी बघितलं. "खोक्यातलं खोक्यात ठेव."

"जाऊबाई, चुकलं माझं. मी ते सोंग करायला नको होतं."

"अगं, त्यात काय! मीही हसायचेच की."

हे त्या इतक्या साधेपणाने म्हणाल्या की मला एक थोबाडीत बसली असती तर बरं वाटलं असतं.

मी म्हणाले, "मी येते तुमच्याबरोबर."

"तू?" त्या म्हणाल्या. "नको बाई. परत येऊन गल्लीला नवीन शिट्टी ऐकवशील."

बोलल्या हसतच, पण खोटं नव्हतं. मी तणतणत माझ्या दुकानात आले. राग त्यांचा नव्हता, माझाच होता, पण शिलाई मशीनने तो सोसला. संध्याकाळी एक कोरं कार्ड घेतलं आणि भरलं. उठणे: उठवलं की. दिवा: कसाही. बोलणे: जीभ कात्रीसारखी, पण आता म्यान केली आहे. घोरणारी जोडीदार: चालेल. चालेल काय, हवी. माझ्या पासपोर्टमध्ये खोचून त्यांच्या टेबलावर ठेवलं. दोन दिवस ते तिथेच पडून होतं. तिसऱ्या दिवशी, फुकटची खोली घ्यायची मुदत संपायला तासभर असताना, भिंतीपलीकडून हाक आली. "तुझ्या पासपोर्टला सात महिने आहेत. थोडक्यात वाचलीस."

घरी आमच्या ह्यांना सांगितलं. ह्यांना बादलीतलं पाणी हललं तरी गरगरतं. म्हणाले, "जा, जा. दहा दिवस शांतता."

कप्तानबाईंचा नियम, बंदराच्या गावी आदल्या दिवशी पोचायचं. गाडी चुकते, रस्ता अडतो, आणि जहाज कोणाच्या सासऱ्यासाठीही थांबत नाही. तसे पोचलो. लॉजवर एक खोली, दोन पलंग. मी पाठ टेकली ती सकाळीच उठले. बघते तर कप्तानबाई खुर्चीत बसलेल्या, तोंड धुतलेलं, केस विंचरलेले, हातात फाईल.

"लवकर उठलात?"

"सवय गं."

पण कापड माझं आयुष्य आहे. झोपून चुरगळलेली चादर आणि हाताने चुरगाळलेली चादर यांतला फरक मला कळतो. ह्या बाईने रात्र खुर्चीत काढली होती, मला झोप लागावी म्हणून. आणि पुढे जहाजावर नऊ रात्री होत्या. नऊ रात्री खुर्चीत बसून ही बाई परत येणार, आणि लोकांना सांगणार की समुद्र फार छान होता, हे मला दिसत होतं.

बंदरावर मात्र कप्तानबाईंचा रुबाब बघण्यासारखा. बॅगांच्या चिठ्ठ्या चिकटपट्टीने पक्क्या केलेल्या, वर बॅगांचे फोटो काढून ठेवलेले, हरवल्या तर दाखवायला. हमालाने हात पुढे केला तेव्हा मलाच दरडावलं, "पासपोर्ट दाखव. हातात दिसू दे, मग बॅग दे." तपासणीच्या रांगेत पुढच्या माणसाने बाटली, पट्टा, घड्याळ एकेक करून काढायला दहा मिनिटं लावली. आमचं सगळं आधीच पिशवीत होतं. काउंटरवर फोटो काढला, कार्ड मिळालं, गटाचा नंबर मिळाला, सहा. मग मोठ्या हॉलमध्ये बसायचं. आपल्या गटाचा पुकारा झाला की उठायचं.

"नंबर लागला की लगेच उठायचं हं," त्या म्हणाल्या. "रेंगाळलं की जेवणाच्या रांगेत शेवटी."

गट दोनचा पुकारा झाला. तीनचा झाला. मी सहज वळून बघितलं तर त्यांची मान मागे गेलेली. फाईल मांडीवरून घसरत होती, ती मी धरली. आणि मग सुरू झालं. आधी करवत. हॉलला छप्पर उंच, आवाज नुसता घुमला.

आजूबाजूची माणसं वळली. समोर एकसारख्या टोप्या घातलेल्या सहा-सात बायका बसल्या होत्या, सहलीला निघालेल्या. त्यातल्या एकीने मैत्रिणींकडे बघितलं, मान मागे टाकली, तोंड उघडलं आणि केली नक्कल. बाकीच्या खिदळल्या. चांगल्या दिसत होत्या हो, वाईट कोणी नव्हती त्यांच्यात. मीही वाईट नव्हतेच.

मी उठून त्यांच्यापाशी गेले. हळू बोलले, कप्तानबाई उठू नयेत म्हणून.

"बाई, हे सोंग मी तीस वर्षं केलंय. तुम्हाला शिट्टी जमत नाही. आणि जमली तरी करू नका. त्या माणसाला ऐकू जातं, आणि ते माणूस मग कुठेच झोपत नाही."

ती बाई लाल झाली. टोपी काढून म्हणाली, "चुकलं, काकू." मी म्हटलं, "माझं जास्त चुकलंय," आणि जागेवर येऊन बसले.

गट पाच. गट सहा. टोपीवाल्या बायका उठल्या, जाताना चपला न वाजवता गेल्या. मी दारावरच्या मुलीला विचारलं, "शेवटी किती वाजेपर्यंत घेता?"

"साडेतीन. पण तुमचा नंबर झालाय, मावशी."

"असू दे. तीनला येते."

गट सात गेला, अकरा गेला, चौदा गेला. खुर्च्या रिकाम्या झाल्या. झाडूवाला आमचे पाय चुकवून झाडून गेला. दीड तास त्या घोरत होत्या आणि मी हातात दोन पासपोर्ट घेऊन बसले होते. मनात म्हटलं, घोरा. चार खोल्यांचं राहिलेलं घोरा. मला चेव चढला होता, कोणी हूं जरी केलं असतं तरी फाडून खाल्लं असतं.

तीनला पाच मिनिटं असताना मी त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडले, रिकामा हॉल बघितला आणि ताडकन उठल्या.

"सगळे कुठे गेले? आपला नंबर?"

"होऊन गेला."

"होऊन गेला? अगं बये, आणि उठवलं नाहीस? चोवीस वर्षं मी लोकांना..." आणि त्या थांबल्या. हात आपसूक तोंडावर गेला. बारीक आवाजात विचारलं, "ऐकलं का कोणी?"

खोटं बोलता आलं असतं. पण ह्या बाईला आयुष्यभर लोक एक तर हसले नाहीतर खोटं बोलले.

"सगळ्यांनी ऐकलं," मी म्हणाले. "दोनेकशे माणसं असतील."

"आणि तू?"

"मी शेजारी बसले होते. छान झोपलात."

त्यांनी फाईल माझ्या हातातून घेतली, पुन्हा मलाच परत दिली, आणि म्हणाल्या, "चल, दार लावतील."

शेवटच्या आम्ही दोघी चढलो. धोक्याची कवायत झाली, लाइफ जॅकेट कुठे ते बघितलं. खोली मधली, खालच्या मजल्यावरची, एक छोटीशी गोल खिडकी. जहाज सुटायला अर्धा तास होता. जहाज सुटताना वरच्या डेकवर जाऊन उभं राहायचं, हे त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगायच्या. मी पायात चपला अडकवून तयार.

कप्तानबाईंनी मात्र चपला काढल्या. पलंगावर बसल्या, उशी दाबून बघितली.

"तू जाऊन ये," त्या म्हणाल्या. "मी जरा पडते."

आणि भिंतीकडे नाही, माझ्याकडे तोंड करून झोपल्या.